रिद्धपुरचे म्हाइंभट

आमच्या वऱ्हाडची ख्याति बाहेरच्या जगांत बहुधा कापसामुळें आहे. काळी जमीन, पांढरें सोनें आणि उन्हाळ्यांतील असह्य ऊन, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या कीं वऱ्हाडचें वर्णन संपलें, असें पुष्कळांस वाटतें. वर्गांतील मुलांस मीं अनेकदां विचारून पाहिलें आहे कीं, मराठी भाषेंतील पहिला मोठा गद्य ग्रंथ कोठें लिहिला गेला? उत्तरें येतात तीं पैठण, आळंदी, नेवासें अशीं. नेवाशाचें नांव घेणारा विद्यार्थी हुशार खराच. कारण ज्ञानेश्वरी तेथें सांगितली गेली. परंतु ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० हा होय, आणि ती ओवीबद्ध आहे. तिच्यापूर्वीं सुमारें बारा वर्षें आपल्याच अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांतील रिद्धपुर गांवीं, एक मनुष्य लोक जशी बोलतात तशा साध्या मराठींत एक चरित्र लिहीत होता. त्या चरित्राचें नांव लीळाचरित्र, आणि त्या मनुष्याचें नांव म्हाइंभट. त्याची ओळख आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांस व्हावी, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

ज्यानें दुसऱ्याचें चरित्र इतक्या काळजीनें लिहिलें त्याचें स्वतःचें चरित्र मात्र कोणीं सविस्तर लिहिलें नाहीं. जी माहिती मिळते ती ओझरती आणि पंथाच्या ग्रंथांत विखुरलेली आहे. म्हाइंभट हे मूळचे वऱ्हाडचे नव्हत. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील सराळें हें त्यांचें गांव. जातीनें ब्राह्मण, घरचे सधन, आणि विद्येनें नांवाजलेले पंडित. प्रभाकर-मीमांसेचा त्यांचा व्यासंग मोठा होता. अशा पंडितांस त्या काळीं वादाची भारी हौस असे. गोदावरीच्या कांठीं डोमेग्राम येथें श्रीचक्रधर नांवाचे एक महात्मे राहतात आणि लोक त्यांच्या शब्दास फार मान देतात, असें कानीं आल्यावर म्हाइंभट त्यांच्याशीं वाद करावयास गेले. पंडितास प्रश्न विचारण्याची संवय असते, उत्तर ऐकण्याची नसते. येथें मात्र उलट घडलें. जिंकावयास गेलेला मनुष्य ऐकावयास बसला; आणि हें ऐकणेंच पुढें त्याच्या आयुष्याचें काम होऊन गेलें.

श्रीचक्रधरांचा आणि आमच्या वऱ्हाडचा संबंध निकटचा आहे. महानुभाव पंथाची परंपरा अशी कीं, ते गुजरातेंतील भडोचचे राजपुरुष. रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानें ते घराबाहेर पडले आणि रिद्धपुरास त्यांस गोविंदप्रभूंचें दर्शन घडलें. त्या दर्शनानें मागचें सारें वैभव गळून पडलें. पुढें साळबर्डीच्या डोंगरांत त्यांनीं बारा वर्षें काढिलीं. ही साळबर्डीही मोर्शी तालुक्यांतच आहे. त्यानंतर यादवांच्या राज्यांत गांवोगांव हिंडून त्यांनीं उपदेश केला. आपल्या बुलढाणें जिल्ह्यांतील लोणार व मेहकर या स्थळांचे उल्लेखही त्यांच्या चरित्रांत येतात. त्यांच्याजवळ ब्राह्मण येत तसे इतर जातींचे लोकही येत. पुरुष येत तशा स्त्रियाही येत. स्त्रियांचा मोक्षाचा अधिकार पुरुषांहून उणा नाहीं, असें ते स्पष्ट सांगत. सातशें-साडेसातशें वर्षांपूर्वीं हें बोलणें किती धाडसाचें होतें, हें सांगण्याची गरज नाहीं.

पुढें श्रीचक्रधर महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे निघून गेले, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. मागें राहिलेला शिष्यपरिवार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेस आला. गोविंदप्रभु, ज्यांस गुंडम राउळ असेंही म्हणत, हे जगाच्या दृष्टीनें वेडे. कोणाच्याही घरांत शिरावें, मनास येईल तें खावें, क्षणांत रागवावें, क्षणांत हंसावें; उंच-नीच हा भेद त्यांच्या पावलांस ठाऊकच नव्हता. पण गांवकऱ्यांस ते आईबापांच्या ठिकाणीं होते. या परिवाराचे प्रमुख नागदेवाचार्य, ज्यांस भटोबास म्हणतात, ते आपल्या गुरूच्या आठवणी मनांत घोळवीत एकांतीं बसत. म्हाइंभटांनीं तें पाहिलें आणि त्यांच्या मनांत एक साधा विचार आला. हा विचार साधा खरा, परंतु त्याच्यापूर्वीं तो मराठी मुलखांत कोणाच्या मनांत आल्याचें दिसत नाहीं. तो असा कीं, हे आठवणारे एके दिवशीं जातील. नागदेव जातील, गुरूच्या जवळ राहिलेल्या बाया जातील, ज्यांच्या ओसरीवर गुरु निजले ते यजमान जातील. आणि त्यांच्याबरोबर आठवणीही जातील. तेव्हां हे आहेत तोंच यांस विचारून लिहून ठेवावें.

रिद्धपुरच्या वाजेश्वरीच्या स्थानीं हें लेखन झालें. काळ शके १२०० च्या सुमाराचा, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपासचा. म्हाइंभटांनीं प्रथम नागदेवाचार्यांस विचारलें. मग ज्यांनीं ज्यांनीं श्रीचक्रधरांस पाहिलें होतें, त्यांचें बोलणें ऐकिलें होतें, त्यांचा त्यांनीं शोध घेतला. प्रत्येकाकडून त्याची त्याची आठवण घेतली, आणि लिहिलेलें पुन्हां नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलें. अशा शेंकडों लहान लहान प्रसंगांस ‘लीळा’ म्हणतात. त्यांची मांडणी तीन भागांत आहे : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर त्यांचेंही चरित्र म्हाइंभटांनीं याच रीतीनें लिहिलें. रिद्धपुर गांवाचें असें रोजचें चित्र त्यांत उमटलें आहे कीं, त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या खेड्याची इतकी ओळख आपणांस क्वचितच होते.

लीळाचरित्र हातीं घेणारास पहिल्यानें आश्चर्य वाटतें तें त्यांतील बारीकसारीक गोष्टींचें. गुरु कोणत्या देवळांत उतरले, त्याचें दार कोणत्या दिशेस होतें, जेवावयास काय होतें, कोण रुसलें, कोण हंसलें, प्रश्न कोणीं विचारिला. मोठा तत्त्वविचार सांगितला असेल तेथेंही तो कोणाच्या कोणत्या प्रश्नास उत्तर म्हणून सांगितला हें दिलेलें असतें. आणि प्रश्न विचारणारांत बायकांचीं नांवें किती! बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा. त्या काळच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत राजे, मंत्री, दान देणारे श्रीमंत यांचीं नांवें सांपडतात. परंतु गुरूची चूल सांभाळणारी आणि त्यांस धीटपणें प्रश्न विचारणारी बाई नांवानिशीं आपणांस भेटते ती या ग्रंथांत. यांतील महदाइसा पुढें ‘धवळे’ रचून मराठीची पहिली कवयित्री झाली.

दुसरें आश्चर्य भाषेचें. म्हाइंभट संस्कृताचे पंडित होते. मनांत आणतें तर सारा ग्रंथ गीर्वाणवाणींत लिहून पंडितांकडून मान मिळवितां आला असता. पण या परिवारांत संस्कृतास मागें सारण्याचा निश्चयच झालेला होता. नागदेवाचार्यांजवळ कोणी संस्कृताचा आग्रह धरला असतां, त्यामुळें आमच्या म्हाताऱ्या बाया उपदेशास मुकतील, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. या एका उत्तरावर मराठी गद्याची इमारत उभी आहे, असें म्हटलें तरी चालेल. लीळाचरित्रांतील लोक बोलतात तेव्हां वऱ्हाडी कानांस तें बोलणें परकें वाटत नाहीं. हांक मारतांना लावावयाचे ‘गा’, ‘माए’ असे शब्द वाचतांना आमच्या खेड्यांतील विहिरीवरचें बोलणें ऐकूं आल्यासारखें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या मुलामुलींची एक सहल घेऊन मी रिद्धपुरास गेलों होतों. राजमठ पाहून झाल्यावर एका ओट्यावर एक वृद्ध तपस्विनी बसल्या होत्या, त्यांच्याजवळ आम्ही टेकलों. “दंडवत प्रणाम,” त्या म्हणाल्या, आणि मुलांस त्यांनीं एक लीळा सांगितली. हातांत पोथी नव्हती. एखादी आजी घरची गोष्ट सांगते तशी त्यांनीं ती सांगितली, आणि शेवटीं म्हणाल्या, “बाळांनो, हें मीं माझ्या गुरूंपासून ऐकलं, त्यांनीं त्यांच्या गुरूंपासून.” माझ्या वर्गांतील एक मुलगी जरा धीट होती. तिनें विचारलें, “आजी, पण मधल्या कोणी चूक ऐकलं असेल तर?” मला वाटलें, म्हाताऱ्या रागावतील. पण त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “म्हणूनच तर लिहिलं ना, माय! अन् दोघांनीं दोन परी सांगितलं, तर दोन्ही लिहिलं.”

त्या उत्तरांत एका पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिस्तीचें सार आलें आहे. पंथाची परंपरा सांगते कीं, म्हाइंभटांनीं सिद्ध केलेली मूळ पोथी फार काळ टिकली नाहीं. चौदाव्या शतकाच्या आरंभीं देवगिरीवर दिल्लीच्या फौजा आल्या, त्या धामधुमींत ती नाहींशी झाली. तेव्हां ज्यांस ज्या लीळा मुखोद्गत होत्या त्यांनीं त्या पुन्हां लिहून काढिल्या. हिराइसा नांवाच्या एका विलक्षण स्मरणशक्तीच्या स्त्रीचें नांव या कामांत आदरानें घेतात. अर्थात् निरनिराळ्या लोकांच्या स्मरणांत थोडाथोडा फरक पडला. आपल्यासारखा मनुष्य असता तर त्यानें एक पाठ खरा मानून बाकीचे खोडून टाकले असते. या लोकांनीं तसें केलें नाहीं. अमक्याचें स्मरण असें आहे, तमक्याचें तसें आहे, हें त्यांनीं पोथींत नांवानिशीं राहूं दिलें. अशा पाठभेदास ते ‘वासना’ म्हणतात. ज्या पुरुषास आपण परमेश्वराचा अवतार मानतों त्याच्या चरित्रांतही मतभेद झांकावयाचा नाहीं, हा प्रामाणिकपणा सामान्य नव्हे. भक्ति असली म्हणजे पुराव्याची चाड राहत नाहीं, असें म्हणणारांनीं हा ग्रंथ अवश्य पाहावा.

असें काम इतर देशांतही साधूंच्याच हातून पुष्कळ झालें आहे. जर्मनीच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राजवळ ल्युबेक नांवाचें जुनें व्यापारी शहर आहे. तेथील संत फ्रान्सिसच्या पंथाच्या मठांत देतमार नांवाचा एक साधु अध्यापनाचें काम करीत असे. १३५० च्या सुमारास युरोपांत प्लेगची जी भयंकर सांथ आली तिच्यानंतर त्या शहराचा वृत्तांत लिहिण्याचें काम छत्तीस वर्षें बंद पडलें होतें. तें पुन्हां चालू करण्याची कामगिरी १३८५ सालीं देतमारकडे आली. धर्मपंडितांची भाषा लॅटिन. पण त्यानें हा वृत्तांत लिहिला तो त्या मुलखांतील व्यापारी व कारागीर बोलत त्या जर्मन बोलींत. येथपर्यंत त्याचें आणि म्हाइंभटांचें साम्य दिसतें. दोघेही विरक्त, दोघेही विद्वान्, आणि दोघांनींही विद्वानांची भाषा बाजूस ठेवून लोकांची भाषा धरली. पुढें मात्र वाटा निराळ्या होतात. देतमारच्या पाठीशीं नगरसभा होती, आणि जुन्या काळासाठीं हाताशीं पूर्वींच्या इतिहासकारांचे ग्रंथ होते. म्हाइंभटांच्या हाताशीं ग्रंथ नव्हता, माणसें होतीं. देतमारनें राजे, लढाया, शहराचा उत्कर्ष आणि संकटें लिहिलीं. म्हाइंभटांनीं एका फिरत्या साधूचे दिवस लिहिले. ल्युबेकच्या वृत्तांतास नगराचा आश्रय होता. लीळाचरित्रास फक्त आठवणाऱ्यांचा आश्रय होता, आणि तो त्यास पुरला.

पुरला खरा, पण ग्रंथ बाहेरच्या लोकांच्या दृष्टीस पडावयास फार काळ जावा लागला. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ नांवाच्या व तशाच दुसऱ्या सांकेतिक लिपींत लिहून ठेविले होते. यामुळें पंथाबाहेरच्या मराठी वाचकांस हें भांडार सहा शतकें बंदच राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे, महाराष्ट्र-सारस्वतकार भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे इत्यादि अभ्यासकांनीं आणि त्यांस साहाय्य करणाऱ्या पंथांतील महंतांनीं हें दार उघडलें. नागपुरास ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापण्यास आरंभ केला. पुढें बुलढाणें जिल्ह्यांतील नरवेल येथें १९०८ सालीं जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनीं आयुष्य या साहित्यास वाहिलें, आणि त्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. गोविंदप्रभूंचें चरित्र ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीनें १९८४ सालीं इंग्रजींत नेलें. रिद्धपुर येथें मराठी भाषेचें विद्यापीठ व्हावें म्हणून २०२३ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायदा केला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं भारत सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. वाजेश्वरीस बसून म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपणाऱ्या त्या पंडितास आपल्या गांवीं विद्यापीठ येईल हें स्वप्नींही आलें नसेल. त्याची चिंता एवढीच होती कीं, पाहणारे जाण्यापूर्वीं लिहून व्हावें.

ही चिंता माझ्या मनास इतकी जवळची कां वाटते, त्याचें कारण घरगुती आहे. तें येथें सांगितल्यास वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

इ. स. १८९९-१९०० सालीं वऱ्हाडांत जो दुष्काळ पडला त्यास जुनीं माणसें छप्पन्नचा काळ म्हणत; कारण तें विक्रम संवत् १९५६ होतें. त्या काळांत माझ्या आजीची आई, सहा-सात वर्षांची पोर, वऱ्हाडांतील एका अनाथाश्रमांत येऊन पोंचली. तेथें तिला अन्न मिळालें, वस्त्र मिळालें, अक्षरओळख झाली, आणि बायबलांतील एक सुंदर नांव मिळालें. तिचें कुटुंब, म्हणजे आम्ही सगळे, त्या आश्रमाचे ऋणी आहोंत. परंतु तेथील नोंदवहींत तिच्याविषयीं जें लिहिलें गेलें तें एवढेंच : अनुक्रमांक, आल्याची तारीख, अदमासें वय, आणि नवें नांव. गांव कोणतें, बापाचें नांव काय, आई तिला काय म्हणून हांक मारीत असे, यांपैकीं एकही गोष्ट तेथें नाहीं. शेंकडों उपाशी मुलें दाराशीं असतांना ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांस दोष देण्यास माझी जीभ रेटत नाहीं. तरीही एका ओळीची जागा त्या पानावर होती.

पणजी स्वतः काय सांगत असे, हें माझ्या आजीच्या तोंडून मीं ऐकलें. आजी शेवटचीं वर्षें आमच्याकडे होती. एका सुट्टींत मीं वही घेऊन तिच्याजवळ बसूं लागलों. पहिल्या दिवशीं ती म्हणाली, “आमच्यासारख्याचं काय लिहितोस रे बाळा, मोठ्या लोकांचं लिही.” दुसऱ्या दिवशीं मात्र ती आपणच बोलूं लागली. पणजीस आठवत होती एक विहीर, विहिरीजवळची चिंच, अंबाडीच्या भाजीचा वास, आणि थोरल्या भावाची पाठ. कारण तो तिला पाठुंगळीं घेऊन चालत होता. भाऊ वाटेंत कोठें राहिला तें तिला आठवत नव्हतें. आई तिला नुसतें ‘बाई’ म्हणे. लाडानें सगळ्याच आया मुलींस तसें म्हणतात. तेव्हां त्या शब्दावरून नांवाचा माग लागत नाहीं.

गांव कोणतें असावें, यावर आजीचें म्हणणें असें : विहिरीचें पाणी खारें होतें, असें आई सांगे, म्हणून गांव पूर्णेच्या खोऱ्यांतील असलें पाहिजे. भूगोल शिकविणारास हा तर्क पटण्यासारखा आहे. पूर्णेच्या दोहों बाजूंच्या खारपाण पट्ट्यांत विहिरींचें पाणी खारटच लागतें. पण आजीचा धाकटा भाऊ अकोल्यास असे. त्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “नाहीं, नाहीं. आई सांगे कीं, रात्रीं वाघाचं ओरडणं ऐकूं येई आणि भाऊ तिला डोंगराच्या उतारानं खालीं घेऊन आला. आपलं गांव सातपुड्याच्या पायथ्याचं.” पुढें दोघें भेटलीं तेव्हां या गोष्टीवरून त्यांचें चांगलेंच वाजलें. ऐंशीच्या घरांतील बहीणभाऊ आईच्या माहेरासाठीं भांडतांना पाहून घरांतील मुलांस हंसूं आलें; पण मला हंसूं आलें नाहीं. दोघांपाशींही आईचा तेवढाच तुकडा उरला होता, आणि तो कोणीही सोडावयास तयार नव्हतें.

माझ्या वहींत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. आजीचें म्हणणें असें. मामा-आजोबांचें म्हणणें असें. कोणाची बाजू खरी हें मीं ठरविलेलें नाहीं. तें ठरविण्याचा अधिकारही मला नाहीं. आज तीं दोघेंही नाहींत. त्यांच्यानंतर ज्यांनीं पणजीस बोलतांना ऐकिलें असें कोणी उरलेलें नाहीं. वही मात्र आहे, आणि तींत खाऱ्या पाण्याची विहीरही आहे आणि वाघाची डरकाळीही आहे. लीळाचरित्रांतील पाठभेदांचीं पानें उलटतांना मला पुष्कळदां वाटतें कीं, पंडितांस जे पाठभेद केवळ अडचणीचे वाटतात, ते मूळचे असेच कोणा बहीणभावांचे, गुरुबंधूंचे, जिवाच्या ओढीनें जपलेले तुकडे असले पाहिजेत. म्हाइंभटांच्या परंपरेनें ते दोन्ही ठेविले. त्यांत शास्त्र होतेंच. पण सांगणाऱ्याच्या मनास जपण्याची दयाही होती.

आणखी एक गोष्ट या ग्रंथानें मला शिकविली. दुष्काळाचे सरकारी अहवाल जाडजूड आहेत. किती लोक खडी फोडण्याच्या कामावर होते, किती खर्च झाला, पाऊस किती इंच पडला, हें सारें त्यांत सांपडतें. तें निरुपयोगी आहे असें मी म्हणणार नाहीं; आंकड्यांशिवाय राज्यकारभार चालत नाहीं. परंतु त्या आंकड्यांतील एक आंकडा माझी पणजी होती, आणि तिला काय म्हणून हांक मारीत तें त्या अहवालांत नाहीं. तेराव्या शतकांत, कागदही सुलभ नसतां, कोणती बाई कोणत्या देवळाच्या पडवींत काय बोलली हें लिहून ठेवणारा मनुष्य आपल्या जिल्ह्यांत होऊन गेला. आणि त्यानंतर सहाशें वर्षांनीं, छापखाने आणि कचेऱ्या असतां, एका मुलीचें गांव लिहावयाचें राहून गेलें. प्रगति केवळ साधनांची असून भागत नाहीं. समोरच्या माणसाचें बोलणें लिहून ठेवण्यासारखें आहे, असें आधीं मनास वाटावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील पुष्कळजण उन्हाळ्याच्या सुट्टींत आपापल्या खेड्यांस जातात. कोणी दर्यापुराकडचे आहेत, कोणी अकोट-तेल्हाऱ्याचे, कोणी पातूर-बाळापूरचे. तुमच्या घरीं आजी असेल, आजोबा असतील. नसतील तर शेजारीं कोणी असतील. त्यांस रिकामा वेळ असतो आणि ऐकणारा मनुष्य नसतो. तुमच्याजवळ आतां ध्वनि टिपून घेणारीं यंत्रें खिशांत असतात. त्यांचा उपयोग खुशाल करा. पण एक चाळीस पानांची वहीही घ्या. तिच्या पहिल्या ओळीवर सांगणाऱ्याचें पूर्ण नांव, गांव आणि त्या दिवसाची तारीख लिहा. त्यांनीं स्वतः पाहिलेलें असेल तर तसें लिहा. दुसऱ्याकडून ऐकलेलें असेल तर कोणाकडून, तें लिहा. त्यांचे शब्द सुधारूं नका. वऱ्हाडी असतील तर वऱ्हाडीच ठेवा. विहिरीचें पाणी गोड होतें कीं खारें, दार कोणत्या दिशेस होतें, जेवावयास काय असे, हें विचारावयास लाजूं नका. कारण पुढें एखादें गांव शोधावयाचें झालें तर असल्याच गोष्टी कामास येतात. लिहून झालें कीं सांगणाऱ्यास वाचून दाखवा. आणि दोघांनीं दोन परी सांगितलें, तर दोन्ही लिहा.

शाळा उघडल्यावर ज्यांच्या वह्या भरलेल्या असतील त्यांनीं त्या मला आणून दाखवाव्या. मी त्या परीक्षेच्या गुणांसाठीं तपासणार नाहीं, बसून ऐकेन.